खरवस बुधवारी आला

"साखर कुंपणावर बसलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

माझ्या नवऱ्याने लगेच विचारलं, "मग उतरवायची कशी?"

"कुठल्या बाजूला उतरवायची ते तुम्हीच ठरवा. गोळी आज देत नाही. पण तुमचं गोड खाणं ऐकून मला काळजी वाटते."

बोईसरच्या त्या लहानशा दवाखान्यात आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो होतो. साखर नवऱ्याची काठावर आली होती, माझा रिपोर्ट ठीक होता, म्हणून मी शहाण्यासारखी गप्प होते. खरं तर आमच्या घरात गोड जास्त कोण खातं याची स्पर्धा लावली असती तर निकाल शेवटपर्यंत लागला नसता. पालघरच्या कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो, आणि आमची ओळख झाली तीच कँटीनच्या काउंटरवर, शेवटच्या उरलेल्या बालुशाहीवर दोघांनी एकदम हात ठेवला तेव्हा.

"गोड पूर्ण बंद करा असं मी सांगत नाही," बाई पुढे म्हणाल्या. "बंद केलं की माणूस चोरून खातो. कमी खा, बसून खा, आणि खाताना फक्त खा. हातात फोन नको, समोर टीव्ही नको."

हे सगळं आम्ही मान हलवत ऐकलं आणि घरी येऊन नेमकं उलट केलं. म्हणजे पूर्ण बंद! आम्हाला अर्धवट काही जमत नाही. कुंभवलीतल्या आमच्या फ्लॅटचा फ्रीज मी त्याच संध्याकाळी रिकामा केला. श्रीखंडाचा डबा, आंबावड्या, बिस्किटांचे पुडे, सगळं खालच्या मजल्यावरच्या कुटुंबांत वाटून टाकलं. चहा बिनसाखरेचा झाला. पहिला घोट घेऊन नवरा असा बसला, जणू कोणीतरी वाईट बातमी सांगितली आहे.

आठवडाही निघाला नाही. तो कोळगावला, जिल्ह्याच्या सरकारी कचेऱ्या आहेत तिथे नोकरीला. एका संध्याकाळी त्याचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात पेढ्याच्या कागदी वाट्या निघाल्या.

"हे काय रे?"

"एकाला बढती मिळाली."

"आणि ही दुसरी वाटी?"

"दुसऱ्याची बदली झाली."

त्या कचेरीत कोणाला तरी कायम बढती मिळत असते, कोणाची तरी बदली होत असते, आणि यातलं काही नसेल तर कोणाच्या तरी घराची वास्तुशांत असते. मी चिडणार होते, पण मला हसूच आलं. कारण मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि त्याच दुपारी आमच्याकडे नव्या यंत्राची पूजा झाली होती. सोनपापडीचा भलामोठा तुकडा मी उभ्याउभ्या, एका हाताने फोनवर बोलत संपवला होता.

"तुझा पेढा कसा होता?" मी विचारलं.

त्याने विचार केला. "गोड."

"गोड तर असणारच. पण कसा? खव्याचा होता? वेलची होती? दाताला रवाळ लागला?"

तो बराच वेळ आठवत राहिला. "काहीच आठवत नाही गं. फाइल बघता बघता खाल्ला."

मलाही सोनपापडी आठवत नव्हती. बोटं चिकट झाली होती, एवढंच आठवत होतं. एवढी वर्षं आम्ही स्वतःला गोडखाऊ म्हणवत होतो आणि दुपारी खाल्लेल्या गोडाची चव संध्याकाळी सांगता येत नव्हती! डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याचा उरलेला अर्धा भाग तेव्हा कुठे डोक्यात शिरला.

त्या रात्री जेवताना आम्ही ठरवलं. आठवड्यातून एकदा, रविवारी, एकच गोड पदार्थ खायचा आणि तोही प्रत्येकी एकच. घराबाहेर जाऊन, बसून, दोघांनी मिळून. पार्सल घरी आणायचं नाही. एका रविवारी त्याने निवडायचं, पुढच्या रविवारी मी. मधले दिवस काहीही नाही, मग कोणाला बढती मिळो की कोणाची बदली होवो.

पहिली पाळी माझी होती आणि मी जिलेबी म्हटलं.

तो रविवार मला अजून लख्ख आठवतो. बोईसर स्टेशनच्या बाजूला एका हलवाईची कढई सकाळी लवकरच लागते. कारखान्यातून रात्रपाळी करून सुटलेले लोक तिथे नाश्त्याला उभे असतात, म्हणून तिथलं बोलणं सगळं हिंदीत चालतं. आठवडाभर आम्ही त्या कढईबद्दल इतकं बोललो होतो की शेवटचं वळण मी जवळजवळ धावतच घेतलं.

"कितना दूं? पाव किलो?" हलवाई म्हणाला.

"एक-एक," नवरा म्हणाला.

"एक-एक किलो?"

"नहीं भैया. एक इनको, एक मुझे."

त्याने आमच्याकडे नीट बघून घेतलं. मग काय वाटलं कोण जाणे, तयार ढिगातली न देता त्याने पातेल्यातलं पीठ फडक्यातून पिळून दोन नव्या जिलेब्या सोडल्या. त्या फुगताना, रंग घेताना, पाकात बुडताना आम्ही बघत राहिलो. मग बाकावर बसलो. मी पहिला तुकडा मोडला आणि आतला पाक बोटावर ओघळला. तो तोंडात घातला आणि मी नवऱ्याचा हातच धरला.

"अरे, आंबट आहे!"

"काय?"

"जिलेबी आंबट असते! बारीकशी. खा ना, थांब, हळू खा."

त्याने खाल्ली. डोळे मिटले. "आहे की! आंबवलेलं पीठ ना! आणि बाहेरून बघ, काचेसारखी मोडते." लहानपणापासून लग्नाच्या पंगतींत किती जिलेब्या पोटात गेल्या असतील, आणि हे आम्हाला आत्ता कळत होतं. शेवटचा वाटोळा तुकडा त्याने इतका वेळ हातात ठेवला की हलवाईने काळजीने विचारलं, "खराब है क्या?"

"नहीं, बहुत अच्छी है. इसलिए धीरे खा रहे हैं."

घरी परतताना दुसरी खावीशी वाटली नाही असं म्हणणार नाही. वाटली. पण त्या वाटण्यातही एक मजा होती. पुढचा रविवार कधी येतो असं झालं.

मग आमच्या आठवड्यांना धारच आली! सोमवारपासून बेत सुरू. मी प्रयोगशाळेत नमुने तपासता तपासता पुरणपोळी आणि रसमलाईत तुलना करत असे. तो कोळगावहून दुपारी मेसेज टाकायचा, 'गूळपापडी की घारगे?' आणि मी लिहायची, 'या आठवड्यात पाळी माझी आहे, ढवळाढवळ नको.' मधल्या दिवसांत पेढे समोर यायचे तेव्हा तो म्हणायचा, "माझं रविवारी असतं." कचेरीत लोकांना वाटलं हे व्रत आहे. कोणीतरी विचारलं, "कुठल्या देवाचं?" त्याने नुसते हात जोडले. त्या दिवसापासून त्याला आग्रह करणं बंद झालं. साखर वाढलीय म्हणून सांगितलं असतं तर 'एकाने काय होतंय' म्हणून पेढा तोंडात कोंबला असता. व्रत म्हटल्यावर सगळे आदराने मागे सरले.

अशात एक दिवस तो कचेरीतून आला तो दारातूनच ओरडत.

"म्हैस व्यायला झालीय!"

"कोणाची?"

त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंचं माहेर मासवणला. त्यांच्या आईकडे म्हैस आहे. व्यायली की पहिल्या चिकाचा खरवस करणार, आणि "तुम्ही दोघं या," असं त्या बाई म्हणाल्या होत्या. खरवस! दुकानात मिळतो तो पावडरीचा थरथरता प्रकार नव्हे, म्हशीच्या चिकाचा, गुळातला, घरच्या चुलीवर वाफवलेला. मी शेवटचा कधी खाल्ला होता तेही आठवत नव्हतं. पाळी त्याची होती आणि त्याने लगेच जाहीर केलं, "येता रविवार खरवस."

पण म्हैस काही आमच्या पाळीने चालणार नव्हती. तो रविवार गेला. त्याने हट्टाने दुसरं काही निवडलं नाही, त्यामुळे आम्ही दोघं कोरडे राहिलो. पुढचा रविवार माझा होता, तो मी त्याला दिला, तोही कोरडा गेला. तो रोज त्या बाईंना म्हशीची खुशाली विचारायचा. कचेरीतले बाकीचे लोकही विचारायला लागले. भाताला लोंब्या आल्या होत्या, दसरा जवळ आला होता, आणि अख्खी एक शाखा मासवणच्या एका म्हशीकडे डोळे लावून बसली होती.

आणि मग बुधवारी त्याचा फोन आला. मी प्रयोगशाळेत होते.

"व्यायली! पहाटे व्यायली! रेडकू झालंय. खरवस आज करतायत."

"पण आज बुधवार आहे."

मग तो म्हणाला, "चीक रविवारपर्यंत थांबत नाही गं."

"आपण रविवार ठरवलाय."

"मला माहीत आहे आपण काय ठरवलंय. मी स्वतः दोन रविवार कोरडे काढलेत त्यासाठी." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू सांग. तू नाही म्हणालीस तर मी जात नाही."

मी फोन कानाला धरून खिडकीशी उभी राहिले. नियम मोडायचा नव्हता. आज खरवसासाठी मोडला तर उद्या बढतीच्या पेढ्यासाठी मोडेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण आम्ही नियम केला होता तो कशासाठी? जे खाऊ ते कमी आणि मन लावून खाऊ यासाठी. वारासाठी नव्हे.

"एक सांगते," मी म्हटलं. "आज खायचा. पण मग हाच आपला रविवार. येत्या रविवारी काहीही झालं तरी गोडाला हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल! कबूल, कबूल!"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एसटीने पालघरला आले. तो स्कूटर घेऊन स्टँडवर तयारच होता. मनोरच्या रस्त्याला लागलो तेव्हा दोन्ही बाजूंना भात पिवळा पडायला लागला होता आणि तो वाऱ्यात मोठमोठ्याने काहीतरी सांगत होता, त्यातला 'वेलची' एवढाच शब्द मला कळला.

मासवणच्या घरी त्या बाईंची आई वाटच बघत होती. "या, बसा. आमी आत्ताच उतरवलाय. गरम हाय, जरा निवूं द्या."

आधी आम्ही रेडकू बघितलं. काळंभोर, लटपटत्या पायांचं, आईच्या पोटाखाली धडपडणारं. "पयला चीक त्याला पाजला, मंग आमी घेतला," मावशी म्हणाल्या. मग पडवीत चटई टाकून त्यांनी ताटलीत प्रत्येकी एक वडी ठेवली. पिवळट तांबूस, कडेला गुळाचं पाणी सुटलेलं.

आम्ही वडी हातात घेतली. दाबली की हलणारी, पण जिभेवर ठेवली की घट्ट. आधी दूध लागलं, मग गूळ, मग अगदी शेवटी धूर. चुलीचा धूर! तो बाजारात कुठे मिळणार? मी लहान लहान तुकडे करत गेले. नवऱ्याने माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. दोन कोरड्या रविवारांचं देणं त्या एका वडीत फिटलं.

मावशींनी दुसरी वडी वाढायला हात पुढे केला. "घ्या की, लय केलाय."

"मावशी, पोट नाही भरलं, पण मन भरलंय," तो म्हणाला. "दुसरी खाल्ली तर पहिलीची चव पुसेल."

त्या हसल्या आणि पातेलं शेजाऱ्यांकडे पाठवून दिलं.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. त्या रविवारी आम्हाला केळव्याच्या बाजूला मोठ्या नणंदेकडे जायचं होतं. नवऱ्याची ही थोरली बहीण. वाडी आहे, केळी, नारळ, चिकू, पानवेली. आग्रह करण्यात तिचा हात धरणारं आमच्या नात्यात कोणी नाही. आमचं रविवारचं तिला फोनवर सांगून झालं होतं, आणि बुधवारचं सांगायचं आम्ही विसरलो होतो.

अंगणात शिरलो तोच तळणाचा वास आला. पिकलेली केळी, गूळ, वेलची. ताईने उंबर केले होते. केळी कुस्करून, गूळ आणि पीठ घालून तळलेले गोल गोळे, उंबराच्या फळासारखे दिसतात म्हणून हे नाव. परात भरली होती.

"तुमचा रविवार हाय ना? मी मुद्दाम केलंय. वाडीतलीच केळी. बसा, गरम हायेत तोवर खा."

मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. तो परातीकडे असा बघत होता की मला वाटलं, गेलं सगळं. त्याचा हात खरंच पुढे गेला. आणि मग त्याने तो मागे घेतला.

"ताई, या आठवड्याचं आमचं झालंय. बुधवारी मासवणला खरवस खाल्ला."

ताई झारा हातात घेऊन उभी राहिली. "म्हंजे? माझ्या हातचं नाय चालत आनि म्हशीचं चालतं?"

ताईचे यजमान, आमचे भावोजी, खुर्चीत बसून पेपर वाचत होते, त्यांनी पेपर तोंडापुढे आणखी वर धरला. मला हसू आवरेना, पण ताईच्या डोळ्यांत पाणी बघून मी गप्प झाले. लहानपणापासून तिने भावाला खाऊ घालूनच लाड केले होते. तिला दुसरी रीत ठाऊक नव्हती.

"ताई, तसं नाही," मी म्हटलं. "आज खाल्ला तर आम्ही उद्यापासून काहीही खाऊ. मला माझी खोड माहीत आहे. पुढच्या रविवारी आम्ही परत येतो. पाळी माझी आहे, आणि मी उंबर निवडते. तुमच्याच हातचे."

"तवा परत करू?"

"कराल? पण थोडेच. एकेकच."

"एकेक उंबर कोन करतो, वयनी? त्याच्यापरास न केलेलं बरं!"

आम्ही जेवलो. ताईने उंबरांची परात झाकून ठेवली. निघताना तिने भावाच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि म्हणाली, "ये रविवारी." स्कूटर वळवून रस्त्याला लागलो तेव्हा नवरा जोरात ओरडला, "मी हात मागे घेतला! बघितलंस ना?"

"बघितलं!"

"परातीतून! गरम उंबराच्या परातीतून!" एवढा आनंद मी त्याच्या तोंडावर परीक्षेच्या निकालालाही बघितला नव्हता.

पुढच्या रविवारी पोचलो तर ताई चुलीशी नव्हती. वाडीत, चिकूच्या झाडाखाली तिने सतरंजी घातली होती. आम्ही आल्यावर ती आत गेली आणि थोड्या वेळाने एक लहान ताटली घेऊन आली. चार उंबर. तिला एवढीशी ताटली हातात घेताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"चवथा कोनाला?" भावोजींनी विचारलं.

"मला," ती म्हणाली आणि आमच्यात येऊन बसली.

आम्ही चौघांनी एकदमच उचलला. वरचा पापुद्रा कुरकुरीत, आत मऊ, केळ्याचा आंबटगोड ओलावा, आणि मधेच न विरघळलेला गुळाचा खडा. मी डोळे मिटून चावत होते. उघडले तर ताई अर्धा उंबर हातात धरून त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"काय झालं ताई? कच्चा राहिला का?" नवऱ्याने विचारलं.

"नाय रे." तिने उंबर वळवून बघितला. "मी कदी गरम खाल्लाच नाय."

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो.

"खरं सांगते. लगीन झाल्यापासून करते मी हे. घाण्यावर घाणा काढायचा, वाढायचं, शेवटी परातीत उरंल तो थंडगार झालेला तोंडात टाकायचा, भांडी घासता घासता. मला वाटायचं उंबर चिवटच असतो." तिने दुसरा अर्धा हळूच तोंडात घातला. तिचा चेहरा असा उजळला की भावोजी मांडीवरचा पेपर बाजूला ठेवून तिच्याकडे बघत राहिले. "लय चांगला करते की मी!" ती म्हणाली, आणि आम्ही इतके हसलो की वरच्या फांदीवरचे पक्षी उडाले.

नवऱ्याचा पुढचा रिपोर्ट बरा आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर कुंपणावरून आत उतरलीय, असंच चालू ठेवा. ते आम्ही ठेवलंच आहे, पण खरं सांगायचं तर त्या कागदाचा आनंद त्या झाडाखालच्या आनंदापुढे फिकाच होता.

त्या दुपारी ताटली रिकामी झाल्यावर कोणालाच उठावंसं वाटेना. पानवेलींच्या मांडवातून गार वारा येत होता. सवयीने ताईने पदर खोचला आणि चहा ठेवायला उठायला लागली, तर भावोजींनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"बस तू. आज मी ठेवतो."

"तुमाला साखरेचा डबा तरी ठाव हाय का कुठं असतो?"

"बिनसाखरेचाच करतोय," ते म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे चालू लागले. ताई त्यांच्या पाठीकडे बघत हसत होती, आणि बोटाला लागलेला गूळ अजून चाखत होती.